बापाने मुलांना कोणता हिशेब द्यावा?

स्वतःच्या हिमतीवर धंदा उभारलेल्या बापाने मुलांना काय शिकवावे? पहाटे उठावे, उधारी बेताची ठेवावी, दिलेला शब्द पाळावा, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये. हे सर्व मी मुलांना शिकवले. परंतु एक धडा मी कित्येक वर्षे खोटा शिकवीत आलो, हे मला मागच्या वर्षी सिंगापूरला उमगले.

माझा धाकटा मुलगा नोकरीनिमित्त तेथे राहतो. शुक्रवारी रात्री किद्दुश झाल्यावर नातू म्हणाला, "आजोबा, पप्पा सांगतात, तुम्ही कोणाची दमडीही न घेता कारखाना काढलात. खरं ना?" मी मान डोलावली; पण घास घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही वॉटर्लू स्ट्रीटवरील मागेन अबोथ सिनेगॉगमध्ये गेलो. या नावाचा अर्थ पूर्वजांची ढाल. हे सिनेगॉग १८७८ साली उघडले आणि त्याच्या उभारणीत सर मनश्शे मेयर यांचा मोठा वाटा होता. बगदादला जन्मलेले आणि कलकत्त्यात वाढलेले मेयर पोरवयात सिंगापूरला आले आणि पुढे तेथील बड्या धनिकांत गणले गेले. अडेल्फी हॉटेल त्यांचे होते. १९०५ साली त्यांनी ऑक्सली राईजवर खेसेद-एल हे दुसरे सिनेगॉग बांधले. रॅफल्स कॉलेजला त्यांनी दीड लाख डॉलर दिले. १९२२ साली जपानला निघालेले आईनस्टाईन हिब्रू विद्यापीठासाठी मदत मागायला त्यांच्याकडेच गेले होते. हिमतीवर वर आलेला पुरुष म्हणून आपण अशांचे दाखले मुलांना देतो.

परंतु त्यांच्या पेढीचे नाव काय होते? मेयर ब्रदर्स. पाटीवर भाऊ होते. बगदाद, कलकत्ता, रंगून, सिंगापूर या वाटेवरचा आपल्या धर्मबांधवांचा सारा व्यापार नात्यातल्या पतीवर चालत असे. एका बंदरातल्या आप्ताच्या शब्दावर दुसऱ्या बंदरात माल सुटे. आणखी एक गोष्ट आपण मुलांना सांगत नाही. त्या काळी या बगदादी व्यापाऱ्यांच्या मालात अफूही असे. कायद्याची मुभा होती, म्हणून ती ओढणाऱ्या गरिबाचे घर वाचले असे नाही. त्यांनी बांधलेल्या सिनेगॉगांत आपण कृतज्ञतेने प्रार्थना करावी. पण जमाखर्चाची एकच बाजू वाचू नये.

आता माझी बाजू. मी इस्राएलला आलो तो एका पेटीनिशी, हे खरे. सहा महिने मामींनी मला जेवू घातले, हे मी मुलांना सांगितले नाही. पहिल्या रंधा यंत्रासाठी बँकेचे कर्ज काढले, तेव्हा जामीनदार म्हणून मामांनी सही केली. मी बुडालो असतो तर त्यांचे घर गेले असते. पुढे त्यांचा मुलगा छोटे दुकान काढायला निघाला आणि माझ्याकडे सही मागायला आला. मी त्याला म्हणालो, "मला कोणी मदत केली नव्हती. मेहनत कर." तो चहाही न घेता उठून गेला. तेव्हा मामा वारले होते. मला खोटे पाडणारे कोणी उरले नव्हते.

वाचकहो, आपण असे का करतो? केवळ बढाई म्हणून नव्हे. मदतीची गोष्ट ऐकून मुले आळशी होतील, अशी भीती वाटते. परंतु उलटेच घडते. बाप एकट्याने वर आला असे ऐकणारा मुलगा, मागे राहिलेल्या प्रत्येकाला आळशी समजू लागतो. शिवाय तो धंद्यातही कच्चा राहतो. पैसा हे भांडवल खरेच. पण त्याच्याही आधी लागते ती पत, आणि पत कोणीतरी दुसऱ्यानेच द्यावी लागते. मेहनत माझी होती, यात तिळमात्र शंका नाही. पण मेहनत करण्याची संधी माझ्याइतकेच कष्ट करणाऱ्या कितीजणांना मिळाली नाही, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

त्या शनिवारी दुपारी मी मुलाला आणि नातवाला समोर बसवून सर्व सांगितले. मुलगा बराच वेळ गप्प होता. नातवाने मात्र विचारले, "मग ते काका आता कुठे असतात?"

तो आमच्याच गावात, दोन गल्ल्या सोडून राहतो. परत आल्यावर पेटी उघडण्याआधी मी त्याच्या दारी गेलो. त्याने दार उघडले. चहा या खेपेला मीच मागितला.