दोष कोणाचा?

योहानलिखित शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य एका जन्मांध माणसाकडे पाहून येशूला विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईवडिलांचे? प्रश्न कारणाचा वाटतो. पण निकाल आधीच लागला आहे. फक्त आरोपी ठरवायचा आहे.

समलैंगिक व्यक्तींविषयी बोलताना आपणही असेच करतो. ज्याला ही गोष्ट रुचत नाही तो म्हणतो, संगत वाईट, घरचे वळण चुकले. ज्याला आपुलकी आहे तो म्हणतो, जन्मजातच आहे. मत आधी ठरते, कारण नंतर शोधले जाते.

तज्ज्ञही यातून सुटले नाहीत. १९६२ साली अमेरिकेत आयर्विंग बीबर आणि सहकाऱ्यांनी समलैंगिकता हा आजार असे गृहीत धरून आईची अतिमाया व वडिलांचा दुरावा यांना दोष दिला. १९७३ साली तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आणि १९९० साली जागतिक आरोग्य संघटनेने तिला आजारांच्या यादीतून वगळले. २०१९ साली सुमारे पावणेपाच लाख लोकांच्या जनुकीय अभ्यासात असे कोणतेही एकच जनुक सापडले नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा दिसला, बाकी इतर घटक. ख्रिस्तसभेचा १९९२ चा धर्मशिक्षण ग्रंथही या प्रवृत्तीचा मानसिक उगम बव्हंशी उलगडलेला नाही असेच सांगतो.

मुळात उगम कळला म्हणून नीतीचा प्रश्न सुटत नाही. राग जन्मजात असतो, म्हणून तो योग्य ठरत नाही. आजीच्या मांडीवर शिकलेली प्रार्थना जन्मजात नसते, म्हणून ती खोटी ठरत नाही. ख्रिस्तसभा प्रवृत्ती आणि आचरण यांत फरक करते. आचरणाविषयीची तिची शिकवण कारणावर अवलंबून नाही. मग ती शिकवण मानण्यासाठी कुणाच्या आईला दोषी ठरवण्याची गरज काय? तोच ग्रंथ अशा व्यक्तींना आदर, करुणा व संवेदनशीलतेने स्वीकारा, अन्याय्य भेदभाव करू नका, असे बजावतो.

आज मिस्साबलिदानाला आपल्याच बाकावर एखादी आई बसलेली असेल, 'माझे काय चुकले?' असे मनात विचारणारी. तिचा मुलगाही आपले बोलणे ऐकत असेल. शिष्यांना येशूने सांगितले, पाप ना त्याचे, ना आईवडिलांचे. त्या अध्यायाच्या शेवटी आंधळे ठरतात ते आपल्याला सारे दिसते असे म्हणणारे. आपण त्यांच्यात तर नाही ना?