वाचनवही

आमच्या अकरा वर्षांच्या भाचीनें ‘श्यामची आई’ एका दिवसांत वाचून काढली. शाळेंत मात्र रोज एकाच प्रकरणाचा सारांश वाचनवहींत लिहावयाचा. तिनें वाचनच टाकलें. साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत हें पुस्तक लिहिलें, तेव्हां प्रकरणांस ‘रात्र’ हें नांव दिलें. रात्रीं ऐकावयाच्या गोष्टी त्या. श्रोत्यांकडून सारांश कोण मागतो? शिक्षकांचा नाइलाज आम्ही जाणतों. भरल्या वर्गांत कोणीं वाचलें हें त्यांस कळावें कसें? तरीही, पुढचें पुस्तक वहींत न नोंदवितां वाच, असें आम्हीं तिला सांगितलें. मुलीस लपवाछपवी शिकविली, असें तिची आई म्हणते. आरोप सर्वस्वीं खोटा नाहीं. परंतु वाचणें हा कांहीं अंशीं एकांताचाच व्यवहार नव्हे काय? काल ती जेवावयास तीन हाकांनीं उठली नाहीं; चौथी आम्हीं मारली नाहीं.