यादीतून सुटलेलं नाव

डेटाबेस हा विषय शिकताना जगभरचे विद्यार्थी सिल्बरशॅट्झ, कोर्थ आणि सुदर्शन यांचं पाठ्यपुस्तक वापरतात. त्यांतले एस. सुदर्शन पवईच्या आयआयटी मुंबईचे. या पुस्तकात प्रकरणाच्या शेवटी प्रश्नांचे दोन गट असतात. सरावाच्या प्रश्नांची उत्तरं लेखकांनी इंटरनेटवर सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. दुसऱ्या गटाची उत्तरं मात्र फक्त शिक्षकांना मिळतात. स्लाइड्स आणि नमुन्याचा डेटाही फुकट देणारे हे लेखक तेवढीच उत्तरं हातची का राखतात?

त्याच पुस्तकातल्या एका उदाहरणावरून ते कळतं. नमुन्यादाखल घेतलेल्या विद्यापीठात १३ विद्यार्थी आहेत. त्यांतल्या भौतिकशास्त्राच्या स्नोने अजून एकही कोर्स घेतलेला नाही. 'प्रत्येक विद्यार्थी आणि त्याने घेतलेले कोर्स' अशी यादी काढायची आहे. विद्यार्थ्यांचं टेबल आणि घेतलेल्या कोर्सचं टेबल जोडून आपण क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहितो. ती विनातक्रार चालते, एरर येत नाही, यादीही नीटनेटकी दिसते. फक्त तिच्यात स्नो नसतो. दुसऱ्या टेबलात त्याची एकही नोंद नाही, म्हणून साधा जॉइन त्याला गाळून टाकतो. लेफ्ट आउटर जॉइन वापरला तर त्याचं नाव राहतं आणि कोर्सच्या रकान्यात नल, म्हणजे 'माहिती नाही' अशी खूण, येते.

मित्राच्या वहीतून किंवा एआयकडून उतरवलेल्या उत्तरात कदाचित आउटर जॉइन अचूक असेल. पण 'यादीत कोण नाही?' हा प्रश्न उतरवणाऱ्याला पडलेलाच नसतो. तो पडण्यासाठी स्वतः चुकीची यादी काढावी लागते, नावं मोजावी लागतात, १३ऐवजी १२ का आली म्हणून डोकं खाजवावं लागतं. नमुन्याच्या डेटात स्नोसारखा कुणी नसेल, तर चुकीची क्वेरीही बरोबर उत्तर देऊन जाते. म्हणूनच सुदर्शन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयआयटी मुंबईत एक्सडेटा ही प्रणाली घडवली. क्वेरीतली अशी दडलेली चूक उघडी पडेल, असा डेटा ती मुद्दाम तयार करते.

'चर्चा जरूर करा, पण उत्तर स्वतः लिहा' हा गृहपाठाचा नियम अनेकांना शिस्तीचा बडगा वाटतो. खरं तर तो विद्यार्थ्याचा हक्क जपतो. अडण्याचा, चुकण्याचा आणि आपली चूक आपण शोधण्याचा हक्क. खुली उत्तरं त्याला वाट दाखवतात, राखून ठेवलेली उत्तरं त्याला चालायला लावतात. शिकण्यासाठी दोन्ही लागतात.

आज गृहपाठ करणारी ही मुलं उद्या शिष्यवृत्तीच्या, रेशनच्या, रुग्णांच्या याद्या काढतील. तिथे एक नाव गळलं तर संगणक काहीच बोलणार नाही. ज्याचं नाव गळलं, त्याला कदाचित कारणही कळणार नाही. त्याच्या वतीने विचारणारं कुणी असेल, तर ते क्वेरी लिहिणारं माणूसच. समोरची यादी पूर्ण दिसत असतानाही 'यातून कोण सुटलं?' असं विचारण्याची सवय आयती मिळत नाही. ती लागते स्वतः केलेल्या गृहपाठातूनच.