तारीख आणि तयारी

1818 साली मुंबईत राहणाऱ्या दोन तरुण अमेरिकन मिशनऱ्यांनी साऱ्या जगाचा हिशेब मांडला. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल न्यूएल. जगात 60 कोटी माणसांपर्यंत ख्रिस्ताची सुवार्ता पोहोचायची आहे; दर 20 हजारांमागे एक मिशनरी धरला तर 30 हजार मिशनरी लागतील; अमेरिका आणि युरोपातल्या मंडळ्यांनी मनावर घेतलं तर वीसेक वर्षांत काम उरकेल. हा हिशेब मांडणारी त्यांची पुस्तिका अमेरिकेत अँडोव्हरला छापली गेली आणि तिथे ती गांभीर्याने वाचली गेली.

आज हा आकडा वाचताना हसू येतं. पण त्यामागची घाई खरी होती. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 24व्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो की राज्याची सुवार्ता सर्व राष्ट्रांत गाजवली जाईल आणि मग शेवट होईल. त्या काळच्या न्यू इंग्लंडमध्ये अनेकांनी हे वाक्य कामाची यादी म्हणून वाचलं. सुवार्ता सगळीकडे पोहोचली की प्रकटीकरणाच्या पुस्तकातलं हजार वर्षांचं सुखाचं राज्य सुरू होणार. म्हणजे तो दिवस जवळ आणणं काही अंशी आपल्या हातात आहे. 1806 साली विल्यम्स कॉलेजची काही मुलं पावसात गवताच्या गंजीच्या आडोशाला प्रार्थना करत बसली, 1810 साली परदेशी मिशनरी पाठवणारं अमेरिकन बोर्ड स्थापन झालं आणि फेब्रुवारी 1813 मध्ये हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईत उतरले, ते याच वातावरणातून. कंपनी सरकारला ते नको होते. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनी त्यांना परत पाठवण्याची तयारी केली होती. ते कसेबसे टिकून राहिले.

टिकले म्हणजे काय? न्यूएलची बायको हॅरिएट त्याआधीच, 1812 साली, मॉरिशसला वारली होती, वय 19. न्यूएल 1821 मध्ये मुंबईत पटकीने गेला. हॉल 1826 मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर असताना पटकीनेच गेला. तोवर बाप्तिस्मा घेतलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. वीस वर्षांत साठ कोटींचा हिशेब त्यांच्याच हयातीत मोडून पडला.

मात्र ते गेले तेव्हा त्यांच्या मिशनने मुंबईत एक छापखाना उभा केलेला होता. शुभवर्तमानं छापण्यासाठी आलेल्या त्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये पुढे टॉमस ग्रॅहॅमच्या हाताखाली देवनागरीचे चांगले खिळे घडले. तिथेच गणपत कृष्णाजींनी छपाईची विद्या उचलली आणि 1841 साली छापील मराठी पंचांग काढलं. तिथेच लहानपणी कामाला लागलेल्या जावजी दादाजींनी पुढे ‘निर्णयसागर’ उभा केला आणि संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध, देखण्या आवृत्त्या घरोघर पोहोचवल्या. जगाचा शेवट जवळ आणण्यासाठी आणलेल्या यंत्राच्या ओळखीतून पुढच्या वर्षाच्या तिथी आणि ग्रहणं छापली गेली! याच मिशनने 1824 साली मुंबईत मुलींची शाळा काढली. 1827 साली आलेल्या सिंथिया फरार यांनी पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या. त्यांतली शाळा पाहून जोतीराव फुले परतले आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे तिथे घेतले. हॉल-न्यूएलच्या तक्त्यात यातल्या कशालाही जागा नव्हती.

शेवटच्या काळाबद्दलच्या ख्रिस्ती विचारातली ही जुनी गोम आहे. मंडळीला तयार राहायला सांगितलं आहे. तयारी म्हणजे काय, याची दोन उत्तरं पहिल्या शतकापासून शेजारी शेजारी नांदत आली आहेत. एक उत्तर मोजणाऱ्यांचं: चिन्हं मोजा, वर्षं मोजा, राष्ट्रं मोजा, उरलेली माणसं मोजा. दुसरं कामाला लागणाऱ्यांचं. पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात हा वाद उघडपणे येतो. प्रभू आता येतोच आहे या समजुतीने तिथले काही जण कामधंदा सोडून बसले असावेत, असं त्या पत्रावरून वाटतं. पौल त्यांना सुनावतो की काम करणार नाही त्याने जेवूही नये. तयारीचा हा फार जुना उपदेश.

मोजणाऱ्यांचा इतिहास मोठा रंगीत आहे आणि बराचसा रक्तरंजितही. कोलंबसाने 1501-02च्या सुमारास भविष्यवाण्यांचं एक पुस्तक जुळवलं. त्याच्या गणिताने जगाची 155 वर्षं उरली होती. तेवढ्यात सर्व भूमींवर सुवार्ता पोहोचली पाहिजे आणि यरुशलेम परत घेतलं पाहिजे, त्यासाठी सोनं पाहिजे. त्या सोन्यासाठी कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचं काय झालं हे आपल्याला माहीत आहे. 1534 साली जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात अॅनाबॅप्टिस्ट पंथाच्या काही लोकांनी नवं यरुशलेम आलंच आहे असं ठरवून सत्ता घेतली. विरोधकांना हाकललं, मालमत्ता सामाईक केली, राजा नेमला. पुढच्या वर्षी बिशपच्या सैन्याने शहर घेतलं आणि पुढे तिघा पुढाऱ्यांची प्रेतं लोखंडी पिंजऱ्यांत घालून सेंट लँबर्टच्या चर्चच्या मनोऱ्यावर टांगली. ते पिंजरे आजही तिथे आहेत. दोन्ही बाजू ख्रिस्ती होत्या, हे वेगळं सांगायला नको.

विल्यम मिलर या न्यूयॉर्क राज्यातल्या शेतकऱ्याने कुणाचं रक्त सांडलं नाही. दानिएलाच्या पुस्तकातल्या आकड्यांवरून त्याने प्रभूच्या येण्याचा काळ काढला आणि त्याच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख पक्की केली. हजारो लोक वाट पाहत बसले. काहींनी शेतातलं उभं पीकही काढलं नाही. 23 तारीख उजाडली. या फजितीतून सावरलेल्यांपैकी काहींनी 1863 साली सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट पंथाची रीतसर स्थापना केली. तारखा देणं त्यांनी सोडलं, वाट पाहणं सोडलं नाही, आणि मधल्या वेळात रुग्णालयं आणि महाविद्यालयं काढली. पुणेकरांना औंधकडचं स्पायसर आणि सॅलिसबरी पार्कातला अॅडव्हेंटिस्ट दवाखाना ठाऊक असतो. त्यांचं मूळ 1844च्या त्या रात्रीत आहे हे सहसा ठाऊक नसतं.

तारीख कळली की तयारीचं नाटक होतं. शाळा तपासायला साहेब येणार म्हटलं की आदल्या दिवशी भिंतींना चुना लागतो, मुलांना ठरलेली उत्तरं पाठ करवली जातात आणि साहेबांची गाडी वळली की सगळं पूर्ववत. मत्तयाच्या त्याच 24व्या अध्यायात तो दिवस आणि ती घटका कुणालाही ठाऊक नाही असं सांगितलेलं आहे. मला ती वाचकाची अडवणूक वाटत नाही. तारीख दडवलेली आहे म्हणूनच तयारी ही रोजची सवय होऊ शकते. आणि पुढचाच, 25वा अध्याय वाचावा. तिथे आधी दहा कुमारी आणि त्यांच्या दिव्यांचं तेल येतं, मग धन्याने सोपवलेले पैसे येतात आणि शेवटी न्यायाचा प्रसंग. त्या प्रसंगात राजा एवढंच विचारतो की भुकेल्याला जेवू घातलं का, परक्याला घरात घेतलं का, तुरुंगातल्याला भेटायला गेलात का. किती राष्ट्रं गाठली हा प्रश्नच तिथे नाही. गंमत म्हणजे जे उत्तीर्ण होतात त्यांना आपण हे केव्हा केलं ते आठवतही नाही.

माझ्या मते या अध्यायाचं मराठी मुलखातलं सगळ्यात मोठं भाष्य केडगावला झालं. 1896-97च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या, दलालांच्या हाती सापडण्याच्या बेतात असलेल्या मुली-बायकांना घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेगची धांदल होती. सरकारी छावण्या आणि रुग्णालयांत बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये इतकं खरमरीत लिहिलं की तो विषय विलायतेच्या पार्लमेंटात निघाला. 1900च्या गुजरातच्या दुष्काळानंतर त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दीड-दोन हजार माणसं राहत होती. त्यांना जेवू घालायचं म्हणजे शेती हवी, विहिरी हव्यात, गुरं हवीत, तेलघाणा आणि हातमाग हवेत. ते सगळं तिथे होतं. अंध बायकांना ब्रेल शिकवण्याची सोयही होती. ते काम रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाईंनी हाती घेतलं.

केडगाव काही निव्वळ सेवाश्रम नव्हता, हेही सरळ सांगायला हवं. रमाबाई धर्मप्रचार करत होत्या आणि ते लपवत नव्हत्या. त्यांच्या आधीच्या शारदा सदन या शाळेतल्या ख्रिस्ती प्रभावावरून 1893 साली पुण्यात वादळ उठलं होतं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते, ‘केसरी’ने झोड उठवली होती. दुष्काळात अन्न देणाऱ्याच्या धर्माचा ओढा अन्न घेणाऱ्याला वाटणारच. तिथे स्वेच्छा कुठे संपते हा प्रश्न खोटा नाही. त्याचं एकच एक उत्तर मला सापडत नाही. पण त्या मुली उचलायला त्या वेळी दुसरं कोण मध्य प्रांतात फिरत होतं, हाही प्रश्न त्याच वहीत लिहायला हवा.

जून 1905 मध्ये केडगावला जे घडलं त्याला ख्रिस्ती लोक संजीवन म्हणतात. मुली रात्ररात्र प्रार्थना करत, रडत, पापं कबूल करत. पवित्र आत्म्याचा अग्नी उतरल्याचं सांगत. टोळ्या करून गावोगाव सुवार्तेला निघत. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्रॅम्स यांनी यावर पुस्तिका लिहिली. ती चिलीतल्या वालपाराइसोला, विलिस हूव्हर या मेथडिस्ट पाळकाच्या घरी पोहोचली आणि चिलीतले पेन्टेकोस्टल पंथाचे लोक आपल्या 1909च्या सुरुवातीची हकिकत सांगताना दौंडजवळच्या या गावाचं नाव घेतात. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या सभा 1906च्या; केडगाव त्याआधीचं. त्या पहिल्या पिढीच्या पेन्टेकोस्टल लोकांना यात शेवटच्या काळाची खूण दिसत होती: आत्म्याचा शेवटचा पाऊस पडतो आहे, पीक कापणीला आलं आहे.

आणि ज्या जागी हा पाऊस पडत होता, तिथेच रमाबाई हिब्रू आणि ग्रीकचे कोश उघडून बसल्या होत्या. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवायचं काम त्यांनी सुमारे दीड तप चालवलं. जुळणी आणि छपाई मुक्तीतल्याच बायकांनी केली. 1921 मध्ये मनोरमाबाई गेल्या. रमाबाई तपासणी करत राहिल्या, ती संपवली आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचं निधन झालं. बायबल 1924 साली बाहेर आलं. ज्या इव्हँजेलिकल वर्तुळांशी त्यांचा पत्रव्यवहार होता तिथे प्रभूचं पुनरागमन ही रोजची अपेक्षा होती. तरीही त्यांनी दीड तपाचं काम अंगावर घेतलं, कोवळ्या पोरींना खिळे जुळवायला शिकवलं. वाट पाहणं आणि मुदतीची पर्वा न करणं या दोन गोष्टी एका माणसात अशा नांदलेल्या मी दुसरीकडे फार पाहिलेल्या नाहीत.

मोजणारे तोवर थांबले नव्हते. विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीने या पिढीतच जगाला सुवार्ता द्यायची अशी घोषणा केली. 1910 साली एडिंबरोला 1200 प्रतिनिधींची जागतिक मिशनरी परिषद भरली. आशियातले प्रतिनिधी विसाच्या आत. त्यांतल्या व्ही. एस. अझरायांनी भर सभेत सांगितलं की तुम्ही आम्हाला खूप दिलंत, आता मैत्री द्या. सभागृहातल्या अनेकांना ते झोंबलं. चारच वर्षांनी सुवार्ता पाठवणारी राष्ट्रं एकमेकांवर तोफा डागू लागली.

आज हॉल-न्यूएलचा तक्ता संगणकावर आहे. ‘जोशुआ प्रोजेक्ट’ या अमेरिकी यादीत जगातले ‘न पोहोचलेले’ समाज टक्केवारीसह नोंदलेले आहेत, आणि भारतापुरता एकक म्हणून जात घेतलेली आहे: मराठा वेगळे, कुणबी वेगळे. मला या यादीचा राग येतो तो धर्मप्रचारापेक्षा या एककामुळे. जिथे भेद उरत नाही असं मंडळी शिकवते, तिथे पोहोचायची शिडी जातीचीच! गावागावांतल्या चर्चमध्ये जात बाप्तिस्म्यानंतरही कशी उठून बसते हे ठाऊक असलेल्या दलित ख्रिस्ती माणसाला या यादीत दुःखाशिवाय काय दिसेल?

घाईशिवाय मिशन म्हणजे नुसती स्वयंसेवी संस्था, असं यावर कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. ती घाई नसती तर हॉल मुंबईला आलाच नसता, आणि नारायण वामन टिळकांनी 1917 साली ‘देवाचा दरबार’ हा भक्तसमुदाय काढला तोही देवाचं राज्य लांबणीवर टाकता येत नाही या तगमगीतून. घाई कुणासाठी आहे एवढंच विचारायचं. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुवार्ता’ मासिक चालवलं, ‘सुबोध बायबल’ सिद्ध केलं आणि हरित वसई संरक्षण समितीतून टँकरवाल्या-बिल्डरांशी झुंज दिली. बावखलं, म्हणजे तिथली गोड्या पाण्याची तळी, बुजत होती, गोड्या पाण्याच्या विहिरी मचूळ होत होत्या. तिथे शेवट हा विषय प्रकटीकरणाच्या पुस्तकातला राहिला नव्हता. 2019 साली त्यांची साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली तेव्हा धर्मगुरू म्हणून विरोध झाला. विरोधकांनी त्यांच्या पाण्याच्या लढाईचा विचार केला असता तर बरं झालं असतं.

आता अनेक मिशन संघटनांचे डोळे 2033कडे लागले आहेत. ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाला तेव्हा साधारण 2000 वर्षं होतील. पुन्हा उद्दिष्टं ठरताहेत, पुन्हा उरलेल्यांची मोजदाद. हॉल आणि न्यूएलने 30 हजार मिशनरी मागितले होते. ख्रिस्ती संख्याशास्त्रज्ञांच्याच अंदाजाने आज ते चार लाखांच्या वर आहेत, आणि 60 कोटींच्या जागी आता अब्जांचा आकडा लिहावा लागतो. अहिल्यानगर, पुणे किंवा वसईतल्या मंडळ्यांना या मोहिमेत सामील व्हा असं पत्र येईल, कदाचित आलंही असेल. उत्तर देण्याआधी त्यांनी आपल्याच मिशन कंपाउंडातली विहीर, वसतिगृह आणि बंद पडलेला दवाखाना यांची पाहणी करावी, आणि दुरुस्तीचं अंदाजपत्रक त्याच पत्राला जोडून पाठवावं.