८४ लक्ष योनींच्या पुढे

डूगल डिक्सन यांच्या १९८१ सालच्या ‘आफ्टर मॅन’ या पुस्तकात ५ कोटी वर्षांनंतरची पृथ्वी आहे. माणूस नामशेष झालाय, सशांचे वंशज हरणांसारखे चरताहेत आणि एका बेटावर वटवाघळाचा वंशज पंखांचेच पाय करून शिकार करतोय. कल्पनाच ही, पण बिनबुडाची नव्हे: न्यूझीलंडमधलं एक इवलंसं वटवाघूळ आजही पंख दुमडून पालापाचोळ्यात भक्ष्य हुडकतं. मग ८४ लक्ष योनींच्या शेवटी नरदेह, या समजुतीचं काय? कुणी म्हणेल, डोळा अनेकदा स्वतंत्रपणे घडला, तशी बुद्धीही पुन्हा घडेल. घडेलही. पण डायनासोर १६ कोटी वर्षं नांदले, त्यांच्यात अवजारं घडवणारं कुणी निपजल्याचा पुरावा नाही. आणि नरदेहाचं मोल मोक्षाच्या संधीत असेल, तर त्याला उत्क्रांतीचा टेकू हवाच कशाला?