अनित्य प्रपंच आणि जीवरक्षणाचे कर्तव्य

तापी आणि गोमाई यांच्या संगमावर वसलेले प्रकाशा हे क्षेत्र दक्षिण काशी म्हणून विख्यात आहे. १९५५ साली येथील पांढरीच्या टेकाडाचे उत्खनन झाले, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्त्यांचे थर एकावर एक आढळले. वस्त्या आल्या आणि मातीस मिळाल्या. प्रपंच अनित्य आहे, या सिद्धांताची साक्षच जणू ते टेकाड देते.

येथे शंका उत्पन्न होते. प्रपंच जर अनित्यच आहे आणि संहारकाळी तो लय पावणारच आहे, तर पृथ्वीचे तापमान वाढते म्हणून मुमुक्षूने चिंता का वाहावी?

याचे समाधान असे. प्रपंच अनित्य असला तरी जीव नित्य आहे. देह नाशवंत म्हणून देहाला दिलेली पीडा निर्दोष ठरत नाही. कारण ती पीडा जीव भोगतो. ‘हे मरणारच होते’ असे म्हणून कोणीही हिंसेच्या दोषातून सुटत नाही. अनित्यतेचा विचार आसक्ती सोडण्यासाठी सांगितला आहे, दया सोडण्यासाठी नव्हे.

दुसरी शंका अधिक सूक्ष्म आहे. प्रत्येक जीव स्वकर्माचेच फळ भोगतो. मग अवर्षणाने वा पुराने पीडलेला मनुष्य आपलेच कर्म भोगत नाही काय? सातपुड्याच्या कुशीतील आदिवासी कोळसा आणि खनिज तेल अत्यल्प जाळतो; परंतु पाऊस हुकला की त्याचेच शेत प्रथम करपते. त्याला त्याचे कर्म दाखविणे हा सिद्धांताचा विपर्यास होय. कर्मविचार स्वतःचे दोष पाहण्याचा आरसा आहे. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरविण्याचे निमित्त नव्हे. भोग ज्याचा त्याचा असला, तरी त्या भोगास जो निमित्त होतो, त्याला हिंसेचे नवे कर्म जडतेच.

राष्ट्रांच्या व्यवहारातही हाच प्रश्न उभा आहे. १९९२ साली रिओ येथील परिषदेत जबाबदारी सर्वांची, पण ती ज्याच्या त्याच्या वाट्याप्रमाणे, असे तत्त्व मान्य झाले. २०१५ च्या पॅरिस करारात तापमानवाढ २ अंशांच्या पुष्कळ खाली राखण्याचे आणि ती १.५ अंशांवर रोखण्यासाठी झटण्याचे ठरले. प्रत्येक राष्ट्राने आपले उद्दिष्ट आपणच ठरवावे, अशी त्याची योजना आहे. ते गाठले नाही तर दंड नाही. भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याचा संकल्प २०२१ साली जाहीर केला. दंडाविना पाळावयाचे ते व्रतच. आणि शेजारी पाळीत नाही म्हणून आपले व्रत मोडण्याची मुभा कोणत्याही व्रतस्थास नाही.

‘एकट्याच्या आचाराने काय होणार?’ ही तिसरी शंका. लीळाचरित्रातील सशाची लीळा येथे स्मरावी. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे धावून थकलेला ससा सर्वज्ञांच्या जानूखाली आश्रयास आला. त्या वेळी देशभरातील पारध थांबलेली नव्हती. तरी शरण आलेला तो एक जीव स्वामींनी दिला नाही. पुढे त्या पारध्यांचेच मन पालटले. परिणाम किती होईल याचा हिशेब आधी मांडून नंतर दया करावी, असा क्रम तेथे दिसत नाही.

आता आचाराविषयी. प्रकाशाच्या बंधाऱ्याचे पाणी शेतकऱ्याने घेऊच नये, असे कोणी म्हणणार नाही. गृहस्थाचा धर्म आणि संन्याशाचा धर्म एक नव्हे. तथापि भिक्षेच्या विधीत दोघांनाही शिकण्यासारखे आहे. भिक्षुक अनेक घरांतून थोडे थोडे घेतो, एका घरावर भार घालीत नाही आणि संग्रह करीत नाही. नदीकडून, रानाकडून, वातावरणाकडून घेताना हीच मर्यादा पाळली जावी. निर्वाहापुरते घेणे ही भिक्षा. त्यापलीकडचे घेणे हे ज्यांचा वाटा त्यात बुडतो, त्या मुक्या आणि अजून न जन्मलेल्या जीवांच्या तोंडचा घास काढणे होय.

टेकाडातील माती वस्त्यांची अनित्यता सांगते. त्या वस्त्यांतील माणसे परस्परांशी कशी वागली, हे ती सांगत नाही. परंतु त्या वागण्याचे कर्म मातीस मिळत नाही. ते जीवाबरोबर जाते.