चाप कोण ओढतो?

एअर पिस्तुलाच्या स्पर्धेत दहा मीटरवर असलेल्या लक्ष्यातले दहा गुणांचे वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचे असते. नेमबाज उभ्याने, एका हाताने, कशाचाही आधार न घेता 75 मिनिटांत 60 वेळा त्याचा वेध घेतो. पिस्तुलाचे वजन साधारण एक किलो भरते आणि त्याचा चाप किमान 500 ग्रॅम भार पेलणारा असावा, असा नियम आहे. म्हणजे हत्याराच्या निम्म्या वजनाइतका जोर बोटाने लावायचा आणि हत्यार मात्र जागचे हलू द्यायचे नाही. पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर 32 सेंटिमीटर धरले, तर त्यांच्या जुळणीतली 0.3 मिलिमीटरची चूक लक्ष्यावर नऊ मिलिमीटरांहून मोठी होते आणि दहाचा गुण हातचा जातो. ट्रिगरचे भाग निवडताना नेमबाज इतका काथ्याकूट का करतात, हे या हिशेबावरून कळते. पण हा केवळ यंत्राचा प्रश्न आहे असे मला वाटत नाही. कर्म नेमके कोण करतो आणि कर्तेपण कोणत्या क्षणी असते, या आपल्याकडच्या फार जुन्या वादाला इथे ग्रॅम आणि मिलिमीटरांत मोजता येईल असे उदाहरण मिळते.

आधी निवड कशाची असते ते पाहू. स्पर्धेच्या पिस्तुलाचा ट्रिगर बहुधा दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात बोट थोडे मागे सरकते आणि बराचसा भार उचलते. मग एक थांबा लागतो, आणि त्यापुढे उरलेला थोडा भार दिला की सिअर नावाच्या लहानशा पोलादी तुकड्याची पकड सुटते, हॅमर मोकळा होतो, झडप उघडते आणि दाबलेली हवा छर्‍याला ढकलते. 500 ग्रॅमची विभागणी दोन टप्प्यांत कशी करायची, पहिला टप्पा किती लांब ठेवायचा, सिअरची पकड किती खोल असावी, चाप सुटल्यावर बोट पुढे किती जाऊ द्यायचे, हे सारे स्क्रू आणि स्प्रिंगांवर ठरते. काहींना थांबा स्पष्ट जाणवायला हवा असतो, तर काहींना तो न जाणवता सलग सरकत सुटणारा ट्रिगर मानवतो. बोट टेकते ते पाते सपाट असावे की वक्र, आणि यंत्रणा यांत्रिक असावी की विजेच्या संपर्कावर चालणारी, यावरही मतभेद आहेत. सिअरची पकड फार उथळ केली तर चाप लोण्यासारखा सुटतो खरा, पण झीज होताच तो बोटाशिवायही सुटू शकतो. प्रत्येक सोयीची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. म्हणून या निवडीत ‘सर्वांत चांगला’ ट्रिगर नसतो. अमुक हाताला, अमुक शिस्तीला योग्य असा असतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हात कधीच पूर्ण स्थिर राहत नाही. साइट लक्ष्याखाली सतत हलके डुलत असते. डोळ्यांना जुळणी अचूक दिसली, मनाने ‘आता’ म्हटले आणि बोटाने आज्ञा पाळली, एवढ्यात माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. तोवर ती अचूक जुळणी निघून गेलेली असते; शिवाय घाईने आवळलेले बोट नळी बाजूला ढकलते. म्हणून प्रशिक्षक शिकवतात की दाब हळूहळू, न थांबता वाढवत न्या, नजर साइटवर ठेवा, आणि नेमक्या कोणत्या क्षणी सुटेल याची वाट पाहू नका. उत्तम नेम सुटतो तो स्वतः नेमबाजालाही किंचित अनपेक्षित वाटावा असा. इथेच अडचण उभी राहते. ज्या क्षणावर आपण हुकूम चालवला नाही, त्या क्षणी घडलेली कृती आपली कशी? आणि ती आपली नसेल, तर पदक कोणाचे?

गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे शरीर, कर्ता, निरनिराळी करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. ज्ञानेश्वरांनी ही पाचही विस्ताराने उलगडली आहेत. पुढे लगेच सांगितले आहे की एकट्या आत्म्यालाच कर्ता मानणार्‍याला नीट दिसत नाही. या भागाचे अद्वैती वाचन आत्म्याच्या अकर्तेपणावर भर देते, आणि त्या परंपरेत ते सुसंगतच आहे. मला मात्र यादीतली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कर्त्याला यादीतून काढलेले नाही. त्याला पाचांतला एक करून ठेवले आहे. ट्रिगर हे करण आहे, दाबाची वाढ ही चेष्टा आहे, हाताचे डुलणे अधिष्ठानाच्या स्वभावात आहे, आणि कोणत्या डुलण्याला सिअर सुटेल यात दैवाचा वाटा आहे. मग कर्ता कुठे राहिला? टिळकांनी गीतारहस्यात व्यवसायात्मक बुद्धी आणि वासनात्मक बुद्धी असा भेद केला आहे: एक निश्चय करणारी, दुसरी इच्छा करणारी. जुळणी दिसताच बोट आवळायला लावते ती वासना. पहिल्या टप्प्यावर किती भार ठेवायचा हे आठवडाभर आधी ठरवते, तो दाब चालू ठेवते आणि डुलणे हाताबाहेर गेले तर बोट काढून पिस्तूल खाली घेते, ती निश्चयबुद्धी. माझे म्हणणे एवढेच की कर्तेपण सुटण्याच्या क्षणात शोधले की सापडत नाही, आणि निवडीत, तयारीत व मागे घेण्याच्या मोकळिकीत शोधले की लख्ख दिसते.

यावर पहिला आक्षेप मेंदूविज्ञानाकडून येतो. बेंजामिन लिबेट यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, माणसाला हात हलवण्याची इच्छा जाणवण्याआधीच, म्हणजे हालचालीच्या सुमारे अर्धा सेकंद अगोदर, मेंदूत तयारीची विद्युत् लहर दिसली. यावरून स्वतंत्र इच्छा हा भ्रम आहे असे अनेकांनी मांडले. त्या लहरीचा अर्थही आता वादग्रस्त आहे. ती मेंदूतल्या नित्य चढउतारांची सरासरी असू शकते, असे आरोन शर्गर आणि सहकार्‍यांनी 2012 मध्ये दाखवले. पण तो वाद बाजूला ठेवला तरी प्रयोगाचा आधारच मला तोकडा वाटतो. त्यात इच्छा म्हणजे शेवटच्या अर्ध्या सेकंदातला एक झटका, असे धरलेले आहे. ट्रिगर जुळवणारा नेमबाज तर तो झटका मुद्दाम वगळण्यासाठीच आयुष्य घालवतो. त्याचा निर्णय अर्ध्या सेकंदात मावत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, कारण तो नेमबाजीतूनच येतो. 25 मीटर स्पोर्ट्स पिस्तुलाच्या जलद फेरीत लक्ष्य फक्त तीन सेकंद समोर येते. तेवढ्यात खाली ठेवलेला हात उचलून एक गोळी झाडायची, मग सात सेकंदांनी पुन्हा. याच प्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले. इथे चाप ‘कधीतरी’ सुटून चालत नाही; हुकूम लागतोच, असे म्हणता येईल. पण तीन सेकंदांची रचना पाहिली तर उलटेच दिसते. हात वर येत असतानाच पहिला टप्पा घेतला जातो, आणि साइट लक्ष्यावर स्थिरावेपर्यंत दाब अर्ध्याहून पुढे गेलेला असतो. या प्रकारात नियमाचा किमान भार 1000 ग्रॅम आहे, आणि तेवढा भार शेवटच्या क्षणाच्या हुकमावर सोडणे परवडणारच नाही. वेळ कमी झाली की क्षणाचे राज्य वाढत नाही. आधीच्या घडणीचेच वाढते.

तिसरा आक्षेप धार्मिक मनाचा आहे. निष्काम कर्म सांगणार्‍याने स्प्रिंगच्या पाच-दहा ग्रॅमवर जीव टाकावा, ही आसक्ती नव्हे काय? मला वाटते, फळाची आसक्ती आणि साधनाची काळजी यांत इथे गल्लत होते. सिसेरोने नोंदवलेल्या स्टोइक विचारात धनुर्धराचेच उदाहरण आहे: नीट नेम साधण्यासाठी शक्य ते सर्व करणे हे त्याचे कर्तव्य, बाण लागणे हे त्यापलीकडचे. साधनाची काळजी कर्तव्याच्या हद्दीत येते. टोकियो ऑलिंपिकमध्ये 25 जुलै 2021 रोजी नेमबाज मनू भाकर यांचे पिस्तूल दहा मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत बिघडले, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली, आणि 575 गुणांवर त्या बाराव्या राहिल्या. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. हे पाचवे कारण. 28 जुलै 2024 रोजी पॅरिसमध्ये याच प्रकारात त्यांनी कांस्य मिळवले. दैव यादीत आहे म्हणून उरलेली चार कारणे कोणी सोडून देत नाही.

कर्त्याला पुसून टाकण्यातला धोका मात्र खरा आहे, आणि तो सौम्य शब्दांत सांगू नये. जपानमध्ये आवा केन्झो यांच्याकडे धनुर्विद्या शिकलेले जर्मन तत्त्वज्ञ ऑयगेन हेरिगेल यांनी 1948 च्या आपल्या पुस्तकात बाण ‘मी’ सोडत नाही, दुसरेच काही सोडते, अशी कल्पना जगभर पोहोचवली. तेच हेरिगेल 1937 पासून नाझी पक्षाचे सदस्य होते. त्यामुळे त्यांचा अनुभव खोटा ठरत नाही. पण कर्तेपण विरघळल्याच्या अनुभवावरून जबाबदारीही विरघळली असे मानायला तो पुरेसा नाही, एवढे नक्की ठरते. अहंकार गळावा, उत्तरदायित्व गळू नये. आणि हत्यार हातात असलेल्या माणसाच्या बाबतीत हा फरक सैल सोडणे मला अक्षम्य वाटते.

स्पर्धेचा नियम या बाबतीत स्पष्ट आहे. शेवटची गोळी झाडून झाल्यावरही काही पिस्तुले तपासणीला घेतली जातात. नळी उभी धरून चापावर वजन टांगतात. चापाने 500 ग्रॅम पेलले नाहीत तर स्पर्धक बाद होतो. स्प्रिंग कोणी बसवली, स्क्रू कोणी फिरवला, हे तेथे विचारले जात नाही.